आधी नळी, मग जोड

माझे बाबा रस्त्याच्या कडेनं नाली खोदायचे. सांडपाण्याची नाही, टेलिफोनच्या आणि इंटरनेटच्या केबलसाठी लागते ती, कमरेएवढी खोल आणि माणूस अंग चोरून जेमतेम वळेल एवढी रुंद. ठेकेदाराचा ट्रक सकाळी रांझीच्या चौकात यायचा आणि माणसं भरून कुंडमच्या नाहीतर पाटणच्या रस्त्याला नेऊन सोडायचा. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे. खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत काम लागेल म्हणून जबलपूरला आले आणि फॅक्टरीच्या फाटकाच्या आत कधी गेलेच नाहीत. आई घरी बिड्या वळायची. पावसाळ्यात खोदकाम बंद असायचं, तेव्हा आईच्या बिड्यांच्या सुपावर घर चालायचं. त्या दिवसांत आम्ही भावंडं ताटात भाजी का नाही असं विचारत नव्हतो. मीठ-मिरची आणि भात खाऊन उठायचो.

नालीत नारिंगी पाइप टाकायचा, माती लोटायची आणि पुढे सरकायचं, एवढंच बाबांचं काम. त्या पाइपमधून नंतर काय जातं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तार जात असन. आपल्याले काय करायचं? आपण माती काढून राहिलो, माती टाकून राहिलो."

त्या पाइपमधून तार जात नाही, काच जाते, हे मला गजभिये मॅडमनी सांगितलं.

मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेज सकाळचं होतं. दुपारी रांझीच्या अलीकडे एका तंत्रशिक्षण केंद्रात फायबर जोडणीचा वर्षभराचा वर्ग चालायचा. मुलींना फी माफ होती म्हणून मी गेले. विज्ञानाची ओढ वगैरे नव्हती, खोटं कशाला सांगू. वर्गात पंधरा-सोळा मुलं आणि मुली दोनच, मी आणि ओमती मोहल्ल्यातली शबनम. शबनमच्या घरी बांगड्यांचं दुकान होतं. ती यायची ते घरात बसून कंटाळा येतो म्हणून.

गजभिये मॅडम बुटक्या होत्या आणि रुंद खांद्याच्या. सुती साडी, तिच्यावर केंद्राचा निळा ॲप्रन आणि पदर ॲप्रनच्या आत असा खोचलेला की वादळातही सुटू नये. चष्मे दोन असायचे, एक नाकावर आणि एक डोक्यावर. नाकावरच्यातून काच बघायच्या आणि डोक्यावरच्यातून माणूस. त्यांनी डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला की समजायचं, आता कोणाची तरी पाळी आली. त्यांचे यजमान खमरियाच्या फॅक्टरीत होते. ते फार कमी बोलायचे. मॅडमच म्हणायच्या, "आमच्याकडे बोलायचं खातं माझ्याकडे आहे."

आणि त्या खात्यात त्यांनी कधी सुट्टी घेतली नाही. टोमणा ऐकून गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. भाजीवाला असो, केंद्राचे प्राचार्य असोत, की बसमध्ये पाय पसरून बसलेला कोणी, उत्तर मिळाल्याशिवाय कोणी सुटत नसे. स्वतःच्या कामाबद्दल बोलताना लाजत नव्हत्या. "जबलपुरात माझ्यासारखा जोड लावणारा दुसरा दाखवा, उद्यापासून मी घरी बसून पापड लाटते," असं भर वर्गात सांगायच्या. एकानंही दुसरा दाखवला नाही.

वर्ग हिंदीत चालायचा. पण मी मराठी आहे हे कळल्यावर मला ओरडायचं असलं की त्या मराठीत ओरडायच्या. मुलांना वाटायचं, माझ्याशी काही खास बोलून राहिल्या. खास असं काही नसायचं. "डोळे कुठे गहाण ठेवले?" एवढंच असायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक दोरा दिला. केसासारखा बारीक, जवळजवळ दिसतच नव्हता. म्हणाल्या, बोटाला गुंडाळा. आम्ही गुंडाळला. मग म्हणाल्या, ही काच आहे.

शबनम दुकानातली पोरगी, काच तिला चांगली माहीत. ती म्हणाली, "मैडम, काँच है तो टूटता क्यों नहीं?"

"टूटेगा, जब तू तोड़ेगी. अभी तो मुड़ रहा है न?" मग स्वतःच्या पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "जो मोटा है वो झुक नहीं पाता. मुझे देख लो. काँच पतली हो जाए तो लड़की जैसी लचकती है."

मग फळ्यावर एक वर्तुळ काढलं आणि त्याच्या आत दुसरं, अगदी लहान. आतली एक काच, तिच्याभोवती दुसऱ्या काचेचं वेष्टण आणि त्यावर प्लॅस्टिकचा पातळ लेप. उजेड आतल्या काचेतून धावतो. दोन्ही काचाच, फरक एकोणीस-वीसचा. आतल्या काचेत उजेड किंचित हळू चालतो, बाहेरच्या काचेत किंचित जलद, एवढंच. त्या म्हणाल्या, "इसी ज़रा-से फ़र्क पर तुम्हारे मोबाइल, बैंक, अस्पताल सब चल रहा है." एवढ्याशा फरकानं उजेड आत कसा कोंडून राहतो, हे मात्र कोणाला कळलं नाही. मॅडमना ते आमच्या तोंडावरून दिसलं. म्हणाल्या, "इतवार को ग्वारीघाट. नहाने के कपड़े लाना."

दिवाळीनंतरचे दिवस होते. नर्मदेचं पाणी निवळलं होतं आणि चांगलंच गार होतं. मॅडम पोहण्यात पटाईत होत्या. दर रविवारी घाटावर यायच्या. पुजारी त्यांना ओळखायचे आणि टिळा लावायला पुढे येत नसत, कारण एकदा त्यांनी सांगून टाकलं होतं, "पंडितजी, मैं तैरने आती हूँ, माँगने नहीं." घाटाच्या एका बाजूला, गर्दीपासून दूर, आम्हाला छातीएवढ्या पाण्यात उभं केलं. बुडी मारा, डोळे उघडा, आधी सरळ वर बघा, मग लांब तिरपं बघा, असं सांगितलं. मुलं आधी हसली, मग बुडाली.

मीही बुडाले. सरळ वर बघितलं तर आकाश दिसलं, एक गोल उजळ थाळी. नजर तिरपी करून पलीकडे बघितली तर आकाश नाही, घाटही नाही. पाण्याची वरची बाजू आरशासारखी झाली होती आणि तिच्यात खालच्या पायऱ्या उलट्या लटकून दिसत होत्या. मी श्वास संपेपर्यंत बघत राहिले. वर आले तर शबनम विचारत होती, "तूने भी देखा? उल्टी सीढ़ियाँ?"

जवळून नाव हाकणारा एक नावाडी थांबला. "मैडम जी, बच्चों से क्या ढुँढवा रही हो? किसी का कुछ गिर गया?"

"उजाला गिर गया है, भैया. मिल जाए तो आपको भी देंगे."

मग पाण्यात उभं राहूनच त्यांनी शिकवलं. जो उजेड सरळ वर येतो, तो पाण्यातून सुटून हवेत जातो. जो फार तिरपा येतो, त्याला पाणी सोडत नाही, परत आत फिरवतं. "अब ऐसी नदी सोचो जो बाल जितनी पतली है, और जिसमें ऊपर, नीचे, दाएँ, बाएँ, सब तरफ़ यही आईना है. उजाला अंदर तिरछा डाला, तो जाएगा कहाँ? कोसों दूर दूसरे सिरे से ही निकलेगा." मी तोपर्यंत पुस्तकात याचं नाव वाचलं होतं आणि परीक्षेत लिहिलंही होतं. गुणसुद्धा मिळाले होते. कळलं त्या दिवशी, केस ओले असताना.

मॅडमच्या काही सवयी आम्हाला विचित्र वाटायच्या. प्रात्यक्षिकाच्या दिवशी त्या पोळीची गुंडाळी कागदात धरून खायच्या, बोट लावत नसत. फायबरचे कापलेले तुकडे डोळ्यांना दिसत नाहीत. बोटाला चिकटून पोटात गेले तर काढणार कोण? प्रत्येक तुकडा चिकटपट्टीवर दाबून ठेवायचा, टेबलावर सांडायचा नाही, हा नियम. आणखी एक नियम होता, चालू फायबरच्या टोकात डोळा लावून बघायचं नाही. नवीन पोरगा हमखास बघतो. उजेड येतोय का, हे बघायला. लाइनमधला उजेड डोळ्यांना दिसत नाही पण डोळा मात्र बिघडवू शकतो. एकानं टोक डोळ्याजवळ नेलं, तेव्हा मॅडमनी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की वर्ग गार पडला. मग त्याला पाणी पाजलं आणि म्हणाल्या, "दिखता नहीं तो है नहीं, ऐसा मत समझना. मेरा ग़ुस्सा भी पहले दिखता नहीं."

एकदा एका सरकारी कचेरीतून बोलावणं आलं. केबल नवीन, जोड चांगला, तरी नेट रडतखडत चालायचं. मॅडमनी आम्हाला सोबत नेलं. तिथले मोठे बाबू फार टापटिपीचे. त्यांच्या टेबलावर टाचण्यासुद्धा रांगेत. जादा राहिलेली फायबरची वेटोळी त्यांना लोंबताना बघवली नाही, म्हणून त्यांनी ती चापून, घट्ट आवळून, दोऱ्यानं बांधून खिळ्याला टांगली होती. मॅडमनी खिडक्या लावायला सांगितल्या आणि फायबरच्या एका टोकाला लाल उजेडाचं पेन लावलं. अंधारात ती आवळलेली वेटोळी जागोजागी लाल चमकायला लागली, देवापुढच्या लाइटिंगसारखी.

"बाबूजी, ये जो चमक रहा है, यही आपका इंटरनेट है. रास्ते में गिर रहा है."

आरशाचं ते गणित उजेड तिरपा येतो तोवरच चालतं. काच फार आवळून वाकवली की उजेड कडेवर सरळ आदळतो आणि बाहेर सांडतो. मोठं वळण दिलं तर काही होत नाही. मॅडमनी दोरा सोडला, वेटोळी ताटाएवढी मोकळी केली. चमक गेली. बाबूंनी मोकळी वेटोळी हातानं सारखी केली. मग म्हणाले, "पर मैडम, दिख तो अच्छा रहा था."

"सो तो है," मॅडम म्हणाल्या. आणि नवल म्हणजे पुढे काहीच बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर मी विचारलं तर म्हणाल्या, "त्या माणसानं प्रेमानं बांधलं होतं ना. प्रेमानं केलेल्या चुकीला टोमणा नसतो."

पण ज्या एका गोष्टीसाठी आमच्या वर्गातलं प्रत्येक पोर त्यांना आठवत असेल, ती म्हणजे नळी.

फायबरचा जोड असा लावतात. लेप सोलायचा, काच स्पिरिटनं पुसायची, टोक सरळ कापायचं, दोन्ही टोकं यंत्रात समोरासमोर ठेवायची. यंत्र ठिणगी देतं, काच वितळते आणि दोन्हींची एक होते. पण तो जोड उघडा असतो. त्याला जपायला बोटाच्या पेराएवढी एक प्लॅस्टिकची नळी असते, आत पोलादी काडी असलेली. ती जोडावर सरकवून तापवली की आवळून बसते. ती नळी आधीच एका बाजूच्या काचेवर ओवून ठेवावी लागते. एकदा जोड लागला की ती घालायला वाट राहत नाही, कारण दोन्हीकडे कोसकोस केबल असते. मॅडम मला म्हणायच्या, "पोत ओवताना मणी आधी घालायचा, मग गाठ मारायची. गाठ मारल्यावर मणी हातात राहिला, तर गाठ तोड. दुसरा उपाय नाही." वर्गात घोष एकच, आधी नळी, मग जोड.

आणि तरी प्रत्येक जण विसरायचा. जोड सुंदर लागायचा, यंत्र शाबासकी द्यायचं आणि नळी टेबलावर तशीच पडलेली असायची. शिक्षा ठरलेली. ती नळी चिकटपट्टीनं कॉलरला लावून दिवसभर फिरायचं, चहाच्या टपरीवरसुद्धा. मी फिरले. शबनम दोनदा फिरली. दुसऱ्यांदा तिनं बांगड्यांना शोभेल अशी निळी नळी मागून घेतली.

मॅडमची इच्छा एकच होती आणि ती त्या कोणापासून लपवत नसत. आपल्या हाताखालच्या मुलींनी रस्त्यावर बसून चालू लाइनचा जोड लावावा. मुलींचे वर्ग आधीही झाले होते. मुली शिकायच्या, प्रमाणपत्र घ्यायच्या आणि दुकानांत नाहीतर फोन उचलायच्या नोकऱ्यांत बसायच्या. मैदानावर, म्हणजे रस्त्यावरच्या कामाला, त्यांना कोणी नेत नव्हतं. शहरातल्या केबलच्या देखभालीचा ठेका एका तिवारींकडे होता. मॅडम दर महिन्याला त्यांच्याकडे जायच्या आणि ते दर महिन्याला चहा पाजून सांगायचे, "मैडम, मेरी तो ना नहीं है. पर लड़कियाँ गड्ढे में बैठेंगी? लोग क्या कहेंगे?"

"लोग कहेंगे, नेट चल गया."

तिवारी हसायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच चहा.

दुसरी ना आमच्या घरातून होती. मॅडम एके दिवशी स्कूटरवरून आमच्याकडे आल्या. बाबांनी खाटेवर चादर टाकली, आईनं सूप बाजूला सारलं. मॅडमनी सांगितलं, तुमच्या मुलीचा हात चांगला आहे, तिला मैदानावर पाठवायचं आहे. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, माझी जिंदगी गेली खड्ड्यात. पोरीले शिकवलं ते तिथून बाहेर काढाले. अन् तुम्ही तिले कॉलेज करून परत तिथंच बसवून राहिल्या."

मला वाटलं, आता डोक्यावरचा चष्मा खाली येणार. नाही आला.

"भाऊ, तुमचं म्हणणं खोटं नाही," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही खड्ड्यात उतरलात ते दुसरं काम नव्हतं म्हणून. ही उतरेल ते हिला एक काम येतं म्हणून. नको वाटलं तर ही बाहेर येऊ शकते. तेवढं शिकवून राहिली मी."

बाबा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. म्हणाले, "चहा घ्या." मॅडमनी चहा घेतला आणि आईकडून बिडी वळायची कशी, ते विचारून घेतलं. त्यांना जमलं नाही. आई हसली. ती पाहुण्यांसमोर सहसा हसत नसे.

मग नर्मदा जयंती आली. त्या दिवशी जबलपूर सगळं घाटाकडे लोटतं. ग्वारीघाटाच्या रस्त्यावर जागोजागी भंडारे, मंडप, लाउडस्पीकर. रामपूर चौकाच्या पुढे गाड्या बंद. केंद्राला सुट्टी होती. दुपारी मॅडमचा मला फोन आला, "कपडे बदलू नकोस, आहेस तशी ये. शबनमला मी घेऊन राहिली."

झालं असं होतं की एका भंडाऱ्याच्या मंडपासाठी कोणीतरी लोखंडी खुंटी ठोकली आणि ती सरळ जमिनीतल्या केबलमधून गेली. घाटावरचे सगळे कॅमेरे एकदम बंद पडले. एवढ्या गर्दीत कोणाचं पोर हरवलं, कुठे चेंगराचेंगरी होऊन राहिली, बघायला डोळाच नाही. तिवारींची जोडणारी माणसं सिहोऱ्याकडच्या कामावर होती. ती निघाली, पण गाडी शहराबाहेरच अडकली. तेव्हा तिवारींना मॅडम आठवल्या. मशीन आहे का, एखादा मुलगा मोकळा आहे का, असं त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "मशीन है. लड़का नहीं है. लड़कियाँ हैं." तिवारींकडे दुसरा पर्याय नव्हता.

रामपूरपासून आम्ही पायी निघालो. जोडणीचं यंत्र नाजूक. पेटी हातात धरली तर गर्दीत दर पावलाला आपटायची. मॅडमनी एका फूलवालीकडून तिची मोठी टोपली मागून घेतली, पेटी त्यात ठेवली, वर झेंडूचा हार टाकला आणि टोपली डोक्यावर घेतली. गर्दी आपोआप बाजूला व्हायला लागली. लोकांना वाटलं, नर्मदामैयाचा चढावा आहे. एका म्हातारीनं टोपलीला हात लावून नमस्कार केला.

"अम्मा, धीरे," मॅडम म्हणाल्या, "ये टूटा तो मैं भी टूटी."

खड्डा मजुरांनी उघडून ठेवला होता. तिवारी घामाघूम झाले होते. त्यांच्या शेजारी कंट्रोल रूमचे एक साहेब हातात वॉकी-टॉकी घेऊन उभे होते. साहेबांनी आम्हाला खालून वर पाहिलं. "तिवारी जी, ये करेंगी?"

मॅडम खड्ड्याच्या काठावर चटई टाकून बसल्या. पहिला जोड स्वतः लावते म्हणाल्या, म्हणजे साहेबांना धीर येईल. आम्ही दोघींनी काचा सोलून, पुसून द्यायच्या. हात सुरू झाले आणि साहेबही सुरू झाले.

"मैडम, कितना टाइम लगेगा?"

"आप बात करेंगे तो ज़्यादा."

"टीचर लोगों को पढ़ाने की आदत होती है, करने की नहीं."

डोक्यावरचा चष्मा नाकावर आला. "और साहब लोगों को पूछने की आदत होती है, देखने की नहीं. इधर देखिए, ऐसे कटता है." हात चालूच. टोक कापलं, यंत्रात ठेवलं. "आपके कैमरे अंधे हैं, आप तो नहीं." दुसरं टोक ठेवलं, झाकण लावलं, ठिणगी पडली. यंत्राच्या पडद्यावर जोड एकदम साफ आला. मॅडमनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर ती ओळखीची ऐट होती.

शबनम अगदी हळू म्हणाली, "मैडम. नली."

नळी चटईवर पडली होती.

तिवारींना काय राहिलं ते कळलं, ते खाली वाकून कुजबुजले, "टेप मार दीजिए. अभी चालू कर लेते हैं, कल देख लेंगे." साहेबांना तर काही कळलंच नव्हतं. पडद्यावर जोड चांगला दिसत होता. तसाच खड्ड्यातल्या जोडाच्या पेटीत बंद केला असता तर त्या दिवशी चालला असता आणि पुढच्या एखाद्या धक्क्याला तुटला असता. तुटल्याचं मॅडमना विचारायलाही कोणी आलं नसतं.

मॅडमनी यंत्राचं झाकण उघडलं, जोड बाहेर काढला आणि दोन बोटांनी तोडला. तुकडा चिकटपट्टीवर दाबला. चिकटपट्टीचा आणखी एक तुकडा फाडला, नळी उचलली आणि स्वतःच्या ॲप्रनच्या कॉलरला लावली. साहेबांसमोर, तिवारींसमोर, भंडाऱ्याची पुरी खात उभ्या असलेल्या माणसांसमोर.

"ये क्या है?" साहेब म्हणाले.

"सज़ा है. मेरी क्लास का नियम है." मग माझ्याकडे वळल्या. "ऊठ, इकडे बस. मी बोलते, तू जोड. दोन्ही कामं एका वेळी मला जमत नाहीत, आज कळलं."

त्या उठल्या आणि साहेबांना मंडपाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेल्या. तिथून त्यांचा आवाज येत राहिला. उजेड कसा जातो, पाण्यात आरसा कसा होतो, काच फार वाकवली की काय होतं, सगळं त्या साहेबांना समजावून सांगत होत्या आणि साहेबांना हलू देत नव्हत्या. मी जोडायला बसले. शबनम प्रत्येक काचेवर आधी नळी ओवून ती मला दाखवायची, मी मान हलवायची, मग पुढे. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, काचेवरच्या लेपाच्या रंगांच्या ठरलेल्या क्रमानं. मध्ये एकदा टोक वाकडं कापलं गेलं, तेव्हा शबनम म्हणाली, "साँस ले ले. वो अभी पानी के अंदर वाला चैप्टर पढ़ा रही हैं, टाइम है." मी हसले आणि टोक पुन्हा कापलं.

शेवटी तपासायचं यंत्र लावलं. ते काचेत उजेडाचा एक ठोका सोडतं आणि वाटेतून किती परत आला ते बघतं, विहिरीत हाक मारून खोली ओळखावी तसं. जिथे जोड वाईट, तिथे रेघ खाली पडते. आमची रेघ सरळ गेली. तेवढ्यात वॉकी-टॉकी बोलली, "सर, आ गया. सब कैमरे आ गए."

साहेब खड्ड्याजवळ आले. "किसने जोड़ा?"

"एक मैंने जोड़ा था," मॅडम म्हणाल्या, "वो तोड़ना पड़ा. बाकी सब इन दोनों के हैं."

साहेबांनी आमची नावं विचारली. आम्ही सांगितली. ते बराच वेळ मॅडमच्या कॉलरवरच्या नळीकडे पाहत होते. ती नळी लावूनच मॅडम परत रामपूरपर्यंत चालल्या आणि फूलवालीला टोपली परत देताना तिनं विचारलं तेव्हा तिलाही सगळं सांगितलं.

घरी पोचले तेव्हा बाबा दारातच बसले होते. तिवारींच्या मजुरांपैकी कोणीतरी आधीच बातमी पोचवली होती. बाबांनी विचारलं, "नाली केवढी खोल होती?"

"तुम्ही खोदता तेवढीच."

"मंग बरोबर खोदली असन," बाबा म्हणाले आणि आत जाऊन आईला पाणी ठेवायला सांगितलं. मैदानावर जायचं नाही, हे त्यांनी त्यानंतर कधी म्हटलं नाही.

त्या महिन्यात मॅडमना तिवारींकडे जावं लागलं नाही. तिवारीच केंद्रात आले आणि म्हणाले, "मैडम, सोमवार को लड़कियाँ ख़ाली हैं क्या?" मॅडमनी त्यांना चहा पाजला, आणि सरळ हो म्हणायला मात्र बराच वेळ लावला. इतके महिने प्यायलेल्या चहाचा हिशेब त्यांनी त्या दिवशी चुकता केला असावा.

पुढे दोन वर्षांनी मॅडम निवृत्त झाल्या आणि यजमानांबरोबर गोंदियाला राहायला गेल्या. त्याआधीचं एक दृश्य माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी ओमतीच्या बाजारातून कॉलेजच्या कामानं जात होते. चौकाच्या अलीकडे रस्ता उघडला होता आणि दोन मुली छत्री लावून जोड लावत बसल्या होत्या. माझ्यानंतरच्या वर्गातल्या, मी त्यांना ओळखत नव्हते. रस्त्याच्या पलीकडे बंद दुकानाच्या पायरीवर मॅडम बसल्या होत्या, हातात भाजीची पिशवी. मुलींना त्या दिसत नव्हत्या. एक हातगाडीवाला मुलींना काहीतरी बोलला, रस्ता अडवल्याबद्दल असेल. मॅडमचा हात डोक्यावरच्या चष्म्याकडे गेला. पण मुलींपैकी एकीनं मान वर न करताच त्याला उत्तर दिलं, हातगाडीवाला हसत पुढे गेला, आणि मॅडमनी हात खाली घेतला. जोडाच्या पेटीचं झाकण लागेपर्यंत त्या बसून राहिल्या. मग पिशवी उचलून बसस्टॉपकडे निघून गेल्या.

आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. जबलपूरच्या केबल दुरुस्तीच्या प्रत्येक टोळीत आज मुली आहेत, आणि त्यांतली एक टोळी मी चालवते.